हस्तमैथुन पाप आहे का, आणि असेल तर नेमके कोणत्या आधारावर?

प्रश्न – मागचा बाक

आपणा सर्वांना प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. हा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही आणि ज्यांच्यासमोर काढायला हवा त्या आमच्या पाळकांसमोर बसलो की माझी जीभच उचलत नाही, म्हणून येथे लिहितो आहे. माझे वय 29 असून मी अविवाहित आहे. गेले सात महिने मी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळीत दिली जाणारी भाकर आणि प्याला, घेतलेले नाही. भाकरीचे ताट माझ्यापर्यंत आले की मी ते दोन्ही हातांनी घेतो आणि तसेच शेजाऱ्याच्या हातात देतो. प्यालाही तसाच पुढे जातो. शेजारच्या वयस्कर बाईंनी दोनदा वळून पाहिले, तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसू लागलो, कारण तिथे ताट उशिरा येते आणि तोवर बहुतेकांचे डोळे मिटलेले असतात.

कारण हस्तमैथुन. महाविद्यालयात असताना एका प्रार्थनासभेत मला एक पुस्तिका मिळाली होती. पवित्र शास्त्रातल्या ओनानाला देवाने याच पापासाठी मारले, असे तीत लिहिले होते, आणि पुढच्याच पानावर या सवयीने दृष्टी अधू होते, स्मरणशक्ती जाते, मज्जातंतू झिजतात अशी यादी होती. पुढे दुसऱ्या एका मंडळीतील सुशिक्षित वडीलधाऱ्यांनी सांगितले की पवित्र शास्त्र याविषयी काहीच बोलत नाही, तेव्हा मनाला लावून घेण्याचे कारण नाही. एकाच ख्रिस्ताचे अनुयायी दोन टोकांची उत्तरे देतात तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा हे मला कळेनासे झाले आहे. माझे मन मला दोषी ठरवते एवढे मात्र खरे. प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 1 करिंथ 11 मध्ये, अयोग्य प्रकारे भाकर खाण्याविषयी जी ताकीद आहे ती वाचल्यापासून ताटाला हात लावण्याचे धैर्य होत नाही. कृपया कोणी सविस्तर सांगेल का?

उत्तर 1 – शास्त्राभ्यासी

बंधू, प्रथम ती पुस्तिका बाजूला ठेवा. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्या आहेत आणि त्यांतली एकही दुसरीच्या आधाराने उभी राहत नाही.

ओनानाची गोष्ट उत्पत्ती 38 मध्ये आहे. यहूदाचा थोरला मुलगा एर निपुत्रिक मेला, तेव्हा त्याची विधवा तामार हिच्याशी समागम करून भावाचा वंश चालवणे हे धाकट्या ओनानाचे कर्तव्य होते. जन्मणारी संतती आपली गणली जाणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तो तिच्याजवळ जाई, परंतु वीर्य जमिनीवर पाडी. म्हणजे जे घडले ते एकट्याने केलेले हस्तमैथुन नव्हतेच. तो स्त्रीशी केलेला समागम होता, आणि त्यातून त्या स्त्रीचा उपभोग घ्यायचा पण तिला मूल, हक्क व आधार मात्र मिळू द्यायचा नाही असा डाव होता. तामारेवरचा हा अन्याय मला त्या अध्यायाचा गाभा वाटतो, कारण पुढे त्याच अध्यायात यहूदा स्वतःच कबूल करतो की तामार माझ्यापेक्षा नीतिमान आहे. अर्थात दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तुम्हाला माहीत असावा: अनुवाद 25 मध्ये दिराचे कर्तव्य नाकारणाऱ्याला फक्त जाहीर अपमानाची शिक्षा आहे, त्याच्या पायातले पायताण काढून त्याच्या तोंडावर थुंकावे एवढीच, मग ओनानाला मृत्यू का, असा प्रश्न परंपरावादी विचारतात आणि कृतीच अधिक गंभीर होती असे उत्तर देतात. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. पण तो मान्य केला तरी त्यातून फार तर मुद्दाम निष्फळ केलेल्या समागमाविषयी काही निघते, तुमच्या प्रश्नाविषयी नव्हे.

आता मोशेच्या नियमशास्त्रातील लेवीय 15 पाहा. पुरुषाचा वीर्यपात झाल्यास त्याने सर्वांगाने स्नान करावे आणि तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहील, एवढेच तेथे म्हटले आहे. लगेच पुढे 18 व्या वचनात स्त्रीपुरुषाच्या समागमानंतरही हाच नियम दिला आहे. रोगामुळे स्राव होणाऱ्याला आठव्या दिवशी दोन पक्ष्यांचे अर्पण आणावे लागे. येथे कोणतेही अर्पण नाही, पापार्पण तर नाहीच. ज्या नियमशास्त्राने इतर अनेक लैंगिक कृत्यांची नावे घेऊन ती मना केली, त्या नियमशास्त्राचे येथले मौन मला अर्थपूर्ण वाटते.

नव्या करारात 1 करिंथ 6:9 मधील एका ग्रीक शब्दाकडे बोट दाखवले जाते. ‘मालाकोई’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मऊ’ असा आहे. मत्तय 11:8 मध्ये राजवाड्यातल्या मऊ वस्त्रांसाठी तोच शब्द येतो. लॅटिन भाषांतरात तो ‘मोल्लेस’ झाला, आणि मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ हस्तमैथुनाला ‘मोल्लितिएस’ म्हणू लागल्यावर हा शब्द त्याच पापाचा आहे अशी समजूत रूढ झाली. पौलाच्या मनात तो अर्थ होता असे आज फारच थोडे अभ्यासक मानतात.

असे असले तरी “शास्त्र काहीच बोलत नाही” हे त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला तितकेच अपुरे वाटते. कृतीचे नाव शास्त्रात नाही, पण जिथून ती उगवते त्या वासनेविषयी येशू स्वतः बोलला आहे. मत्तय 5:28 मधील मूळ रचना नुसत्या नजरेविषयी किंवा क्षणिक आकर्षणाविषयी नाही, तर लोभ धरण्याच्या हेतूने पाहत राहण्याविषयी आहे. ‘शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नको’ या आज्ञेच्या ग्रीक भाषांतरातलेच क्रियापद तेथे वापरले आहे. म्हणून माझा प्रश्न हाताविषयी नसून डोळ्यांसमोर कोण असते याविषयी असतो. जिला तुम्ही ओळखता ती एखादी स्त्री, किंवा पडद्यावरची एखादी अनोळखी स्त्री, जी कदाचित फसवणुकीने किंवा गरजेपोटी तेथे आली असेल, ती त्या क्षणी तुमच्यासाठी माणूस उरते का? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी सारखेच येईल असे मी म्हणणार नाही. शरीराचा ताण, एकटेपणा, झोप न येणे यांतून जे घडते ते आणि रोज ठरवून अश्लील चित्रफिती पाहत बसणे हे एकाच मापाने मोजता येत नाही. दुसऱ्याला मी निःसंशय पाप म्हणेन. पहिल्याविषयी मी पौलाचे 1 करिंथ 6:12 मधले शब्द आठवतो, की सर्व गोष्टींची मोकळीक असली तरी मी कशाच्याही अधीन होणार नाही.

उत्तर 2 – वेदीसेवक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे शास्त्राभ्यासी यांच्याशी माझा एका ठिकाणी स्पष्ट मतभेद आहे आणि तो मी सौम्य करून मांडणार नाही. आमची ख्रिस्तसभा या कृतीला पाप मानते ते ओनानाच्या आधारावर नव्हे. 29 डिसेंबर 1975 रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने ‘पेर्सोना ह्युमाना’ हा दस्तऐवज काढला, त्यात शास्त्राने या पापाचे नाव घेऊन निषेध केला आहे हे सिद्ध करता येत नसले तरी, नव्या करारात अशुद्धतेचा निषेध येतो त्यात परंपरेने हेही योग्य रीतीने गणले आहे, अशा आशयाचे विधान आहे. आधार आहे तो लैंगिकतेच्या हेतूचा. ही शक्ती देवाने दोघांसाठी दिली आहे, परस्परांना स्वतःचे दान करण्यासाठी आणि नव्या जीवासाठी दार उघडे ठेवण्यासाठी. जे दान म्हणून दिले आहे ते एकट्याने स्वतःलाच देऊन टाकणे ही कृती तिच्या आशयातच विसंगत ठरते. याच विचारामुळे 1930 मध्ये पोप अकरावे पायस यांनी विवाहावरील परिपत्रकात गर्भनिरोधनाचा निषेध केला, आणि तेथे मात्र संत ऑगस्टीन यांच्या हवाल्याने ओनानाचा उल्लेख आला. त्याच वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने विवाहितांना काही परिस्थितीत गर्भनिरोधनाची मुभा दिली होती, म्हणजे दोन वाटा तेथे उघडपणे वेगळ्या झाल्या. आपल्याला मिळालेल्या दोन टोकांच्या उत्तरांचे एक मूळ मला येथे दिसते: एका बाजूला प्रश्न कृतीच्या हेतूचा असतो, दुसऱ्या बाजूला मनातल्या वासनेचा.

पण आमच्या शिकवणीचा उत्तरार्ध लोकांपर्यंत क्वचितच पोहोचतो, याचे मला मनापासून दुःख आहे. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद 2352 या कृतीला गंभीर विसंगती म्हणतो आणि लगेच पुढे सांगतो की व्यक्तीची नैतिक जबाबदारी ठरवताना भावनिक अपरिपक्वता, जडलेल्या सवयीचा जोर, चिंतेची अवस्था आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणे लक्षात घ्यावीत, कारण त्यांनी दोष कमी होतो, अगदी अत्यल्पही होऊ शकतो. प्राणघातक पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर असणे, पूर्ण जाणीव असणे आणि मनापासून संमती असणे. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत, वर्षानुवर्षांच्या सवयीशी झगडत असलेल्या माणसाची संमती किती पूर्ण होती हे त्याला स्वतःलाही ठरवता येत नाही. म्हणूनच अनुभवी धर्मगुरू पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूसमोर पापे कबूल करण्याच्या विधीत, या विषयावर खोदून विचारत नाहीत.

आणि जुन्या परंपरेचे वजन सगळीकडे सारखेच कठोर होते असेही नाही. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत कॉन्स्टँटिनोपलचे जुने धर्माध्यक्ष योहान उपवासक यांच्या नावाने चालत आलेल्या नियमावलीत यासाठी चाळीस दिवस कोरडे अन्न आणि रोज शंभर दंडवत एवढे प्रायश्चित्त आहे. व्यभिचाऱ्याला चौथ्या शतकातील बिशप संत बेझिल यांच्या नियमांनुसार पंधरा वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे लागे. दोन्हींत पाप मानले आहे, पण दोन्ही एका तराजूत घातलेली नाहीत. याउलट, तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी निसर्गविरुद्ध कामपापे हा वर्ग सर्वांत गंभीर ठरवून हस्तमैथुन त्या वर्गात, सर्वांत खालच्या पायरीवर का होईना, बसवले. त्या वर्गीकरणाचे टोक गाठले तर बलात्कारापेक्षाही ते गंभीर ठरते. हे मला स्वीकारता येत नाही, आणि तसे म्हणताना मी परंपरेशी बेइमानी करतो आहे असे मला वाटत नाही. मात्र त्याच ग्रंथात त्यांनी झोपेतला वीर्यपात हे स्वतः पाप नाही असे स्वच्छ लिहिले आहे. आपल्या भाषेने त्यालाच ‘स्वप्नदोष’ असे नाव देऊन ठेवले आहे. ज्यात दोष नाही त्याच्या नावातच दोष आहे, आणि तो शब्द कितीतरी जणांच्या मनावर न केलेल्या पापाचे ओझे टाकत आला आहे.

उत्तर 3 – एक डॉक्टर

धर्मशास्त्रावर मी बोलणार नाही. पुस्तिकेतल्या दुसऱ्या पानावर बोलतो.

हस्तमैथुनाने दृष्टी जात नाही, स्मरणशक्ती जात नाही, मज्जातंतू झिजत नाहीत, नपुंसकत्व येत नाही. ही यादी पवित्र शास्त्रातून आलेली नाही, अठराव्या शतकातून आली आहे. त्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘ओनानिया’ नावाचे एक निनावी पुस्तक निघाले, ज्याच्या लेखकाने पापाची भीती आणि रोगाची भीती एकत्र बांधली आणि सोबत औषधही विकले. पुढे 1760 मध्ये लोझानचे डॉक्टर तिसो यांनी त्याच विषयावर फ्रेंच ग्रंथ लिहून त्या भीतीला वैद्यकशास्त्राची प्रतिष्ठा दिली, आणि ओनानाचे नाव या कृतीला कायमचे चिकटले ते याच काळात. आपल्या हातातली पुस्तिका त्याच वंशातली आहे. पाप असेल तर त्याची चर्चा पाप म्हणून करावी. खोट्या आजाराची धमकी देऊन मिळवलेले संयमन कोणत्याही धर्माला शोभत नाही.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. काम, आरोग्य, नाती बाजूला पडूनही जे थांबवता येत नाही आणि जे महिनोन्‌महिने तसेच चालू राहते, ते त्यात येते. परंतु तेथेच हेही नमूद आहे की त्रास जर केवळ नैतिक नापसंतीतून होत असेल तर तेवढ्यावरून हे निदान करता येत नाही. आपण दिलेल्या मजकुरावरून मला आपल्यात त्या विकाराची चिन्हे दिसत नाहीत. सात महिने प्रत्येक रविवारी स्वतःला शिक्षा करणे आणि त्याविषयी कोणाशीही न बोलणे, याची मला अधिक काळजी वाटते. हे असेच चालू राहिले तर समुपदेशकाला भेटण्यात कमीपणा मानू नका.

उत्तर 4 – मार्था

मी हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. वरच्या तिन्ही उत्तरांतली वचने, नियम, उदाहरणे पाहा: वीर्य, वीर्यपात, वंश. ओनान पुरुष, लेवीय 15 मधला तो मनुष्य पुरुष, पुस्तिका पुरुषांसाठी. मी स्त्री आहे, विवाहित आहे, रविवारच्या शाळेत शिकवते, आणि लग्नापूर्वीची अनेक वर्षे मी हाच अपराधभाव वाहिला. फरक एवढाच की माझ्यासाठी कोणी पुस्तिकाही छापली नव्हती. स्त्रियांना असे काही होतच नाही असे गृहीत धरलेले असल्यामुळे मला वाटे की जगातली अशी मी एकटीच आहे. पुरुषांच्या सभेत निदान या पापाविरुद्ध प्रार्थना तरी होई. आमच्या सभेत विषय असे तो पेहरावाचा, म्हणजे पुरुषांच्या मोहाला आम्ही कारण होऊ नये याचा.

यातून मला एक गोष्ट कळली. जो युक्तिवाद बीज वाया जाण्यावर उभा आहे तो माझ्याबाबतीत लागूच पडत नाही. तेव्हा ही कृती चूक असेल तर ती अशा कारणासाठी असली पाहिजे जे स्त्रीला आणि पुरुषाला सारखे लागू होते. वेदीसेवक म्हणतात तो आत्मदानाचा विचार तसा आहे, शास्त्राभ्यासी म्हणतात तो दुसऱ्याला वस्तू न करण्याचा विचारही तसा आहे. बाकीचे सोडून दिले तरी चालेल असे मला वाटते.

लग्न झाले की हे आपोआप थांबते, या समजुतीवर मात्र विसंबू नका. ‘जळत राहण्यापेक्षा लग्न करणे बरे’ हे पौलाचे वाक्य अनेकजण औषधाच्या चिठ्ठीसारखे देतात. माझ्या पतीने लग्नानंतर चौथ्या वर्षी एका रात्री पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून मला सांगितले की त्यांची सवय सुटलेली नाही. माझ्याकडे पाहून त्यांना ते सांगता आले नसते. मला राग आला तो कृतीचा नव्हे, चार वर्षे एकट्याने वाहिल्याचा. आणि मग माझ्या लक्षात आले की मीही माझे काही सांगितले नव्हते. त्या रात्री आम्ही दोघे पहाटेपर्यंत बोललो. सवय लगेच गेली नाही, पण लपवणे गेले आणि त्यानंतर सवयीचा जोरही हळूहळू ओसरला.

मागचा बाक

आपण सर्वांनी इतके मोकळेपणाने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे. मार्थाताई, आपले उत्तर मी तीन वेळा वाचले. पुस्तिका काल काढून टाकली. चित्रफितींविषयी शास्त्राभ्यासी यांनी जे विचारले त्याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते माझ्या बाजूचे नाही. तेवढ्यापुरते मी पाप हे पाप म्हणूनच मान्य करतो आणि ते सोडण्याचा निश्चय करतो. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आहे. पण पुन्हा पडलो तर? प्रत्येक वेळी पश्चात्ताप करायचा, पुन्हा पडायचे, आणि तरी ताटाला हात लावायचा, ही देवाची थट्टा होणार नाही का?

उत्तर 5 – शास्त्राभ्यासी

बंधू, हा खरा प्रश्न आहे आणि मी पहिल्या उत्तरात तो बाजूलाच ठेवला, याबद्दल क्षमा असावी.

1 करिंथ 11 पुन्हा उघडा, पण 27 व्या वचनाऐवजी 20 व्या वचनापासून वाचा. करिंथ येथील मंडळीत सधन लोक आपापले जेवण आधीच उरकत होते, गरीब उपाशी राहत होते आणि कोणी तर मद्याने धुंद होत होते. अयोग्य प्रकारे खाणे म्हणजे काय याचे चित्र पौलाने स्वतः रेखाटले आहे: शेजाऱ्याला उपाशी ठेवून प्रभूच्या मेजावर बसणे. लाजेने मागच्या बाकावर बसलेला मनुष्य त्या चित्रात कुठेच नाही. आणि 28 व्या वचनात आत्मपरीक्षा करावी असे म्हणून पौल थांबत नाही. आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी व प्यालातून प्यावे, असे ते वाक्य पूर्ण होते. आपण सात महिने त्या वाक्याचा अर्धाच भाग पाळला आहे.

पुन्हा पडलो तर, असे आपण विचारता. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करीत आणि बाहेर पडताच राहून गेलेले काही आठवून परत येत. त्यांचे गुरू श्टाउपिट्स त्यांना स्वतःच्या पापांवरची नजर काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगत. पश्चात्तापाची खोली पुन्हा न पडण्याच्या हमीवर मोजायची ठरवली तर अहंकाराबद्दल, रागाबद्दल, जिभेबद्दल पश्चात्ताप केलेल्या आमच्यापैकी एकालाही ताट उचलता येणार नाही. थट्टा तो करतो जो पडण्याची आधीच तयारी ठेवून क्षमा मागतो. फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणारा तो नव्हे.

पाळकांशी एकदा बोला, सगळा तपशील सांगण्याची गरज नाही. “मी सात महिने मेजापासून दूर आहे” एवढ्या वाक्याने सुरुवात केली तरी पुरे. आणि येत्या रविवारी जमले तर एक बाक पुढे बसा. त्या वयस्कर बाई वळून पाहत होत्या त्या कदाचित आपला दोष शोधत नसतील; आपण ताट का पुढे सरकवता याची काळजी त्यांनाही वाटली असेल.